डोळे मिटून केलेली चहाडी

प्रिय आत्या,

‘प्रिय’ लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, हुरळून जाऊ नकोस. तुला मातीआड करून तीन आठवडे झाले. परवा रविवारी मला चौदा वर्षांनी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे ती भाकर नि द्राक्षारस, घ्यायचं आहे. इथले दौंडच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, प्रभूच्या मेजापाशी येण्याआधी ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्याशी मिटवून या. माझं वाकडं तुझ्याशी आणि तू तर गेलीस! मग पत्र लिहिण्यावाचून दुसरं काय करणार?

आईबाबा गेल्यावर शिरूरला मला तूच वाढवलंस, हे मान्य. म्हणून तर मनातलं सगळं तुलाच येऊन सांगायची. मूल होत नव्हतं, तपासण्या झाल्या, दोष ह्यांच्यात निघाला. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून तेवढं एकच सांगितलं होतं. “कुणाला बोलू नको,” म्हटलं होतं. आठवतं का?

आणि तू काय केलंस? गुरुवारच्या बायकांच्या प्रार्थनासभेत पंचवीस जणींमध्ये डोळे मिटून, हात जोडून सुरू झालीस. “हे दयाळू बापा, माझ्या शालूची कूस उघड. दोष तिच्यात न्हाई, तुला ठावं हाय. डॉक्टरनं जावयाच्याच तपासणीत खोट दाखवलीया. त्या सुधाकरला बरं कर, बापा.” सगळ्या जणी काय मनापासून आमेन म्हणाल्या! देवाला ठाऊकच होतं तर त्याला डॉक्टरचा निकाल वाचून कशाला दाखवलास गं? मी तिथंच बसले होते, शेवटच्या सतरंजीवर.

देवानं ऐकलं की नाही कोण जाणे, बायकांनी मात्र अक्षरन् अक्षर ऐकलं. शनिवारपर्यंत गोष्ट शिरूरहून दौंडला आमच्या रेल्वे कॉलनीत पोचली. कामावर एक जण ह्यांना म्हणाला, “काय सुधाकरराव, आमच्यासाठीबी सासूबाईंना प्रार्थना करायला सांगा की!” हे दोन दिवस जेवले नाहीत. आणि तू? “मी काय वाईट केलं? प्रार्थनाच तर केली!” चहाडीला आमेन जोडलं की ती प्रार्थना होते होय?

त्या दिवसापासून मी चर्च सोडलं. तुला सोडलं आणि ज्याच्या नावावर तू हे उद्योग करायचीस, त्यालाही सोडलं. रविवारी घंटा झाली की मुद्दाम गोधड्या धुवायला काढायची. आख्ख्या कॉलनीला दिसू दे, असा हट्ट होता.

मग यंदा तुला अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं आणि जीभही गेली. मी एसटीनं आले ते सेवा करायला आले, असं तुझ्या प्रार्थनासभेतल्या त्या सुमनबाईला वाटलं. खरं सांगू? मी मजा बघायला आले होते. बोलण्यावर जगलेली बाई मुकी कशी दिसते, ते मला बघायचं होतं.

नेमका गुरुवार होता. बायका तुझ्या खाटेभोवती जमल्या, पण सुरुवात कोण करणार? सुमनबाई म्हणाली, “शालू, तू कर बाई. घरचं मानूस हायेस.” आत्या, मी नाही म्हणणार होते. पण तोंड उघडलं आणि चौदा वर्षांचं सगळंच बाहेर पडलं. “प्रभू, ही बाई लोकांच्या घरची धुणी तुझ्यापुढं धूत बसली. हिची जीभ घेतलीस ते बरंच केलंस, पण किती उशीर केलास? तवा कुठं होतास तू? माझा नवरा मान खाली घालून कामावर जात होता, तवा बहिरा झाला होतास का?”

“आगं, अशी असतीय व्हय प्रार्थना!” सुमनबाई ओरडली. आणि तू डाव्या हातानं खाटेवर थाप मारलीस. गप बस म्हणालीस, का पुढं बोल म्हणालीस? मला अजून कळलेलं नाही.

परतीच्या एसटीत मात्र एक गोष्ट कळली आणि फार लाज वाटली. जो नाहीच असं मी चौदा वर्षं म्हणत होते, त्याच्यावर मी एवढी ओरडले कशी? समोर कुणी नसताना माणूस इतकं भांडतं का? पुढच्या रविवारी मी इथल्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसले. माईक शिट्ट्या मारत होता, सूचना उपदेशापेक्षा लांब होत्या आणि तुझ्यासारख्या चार जणी तिथंही आहेतच. देव परत मिळाला, पण ही वरातही सोबत आली!

मग तू गेलीस. शिरूरचे पाळक तुला ‘प्रार्थनेची वीरांगना’ म्हणाले. मला हसू आवरेना. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची आपल्यात रीत नाही म्हणून वाचलीस, नाहीतर तुझे गुण मीही चारचौघांत गायले असते. आणि बघते तर काय, तुझ्या पेटीला पुढून खांदा ह्यांचा! दफनभूमीबाहेर मी ह्यांना म्हटलं, “तुम्हाला काही लाज? तिनं तुमची अब्रू घालवली!”

हे चप्पल घालत होते. मान वर न करता म्हणाले, “आत्याबाईंनी ती गोष्ट एकदाच सांगितली, शालू. तू मला ती चौदा वर्षं रोज सांगतीस.”

बारशाला नको, लोक तुमच्याबद्दल बोलतात. लग्नाला नको, तुमच्याकडं बघून हसतात. असं कोण म्हणायचं गं? मीच म्हणायची. तुझ्या जिभेला नावं ठेवता ठेवता माझीही तसलीच झाली, आणि मी तर डोळे उघडे ठेवून बोलत होते.

तुला माफ केलं, असं मी लिहिणार नाही. खोटं बोलून त्या मेजापाशी जायचं नाही मला. तुझं काय करायचं ते मी आणि तो बघून घेऊ. उद्या ह्यांना सुट्टी आहे. सकाळचा चहा झाला की मी ह्यांची माफी मागीन, तोंडानं, ह्यांचं नाव घेऊन. ह्यांनी नाही म्हटलं, तर रविवारी भाकर समोरून जाईल आणि मी बाकावरच बसून राहीन. पण हे काहीही म्हणोत, ती गोष्ट माझ्या तोंडून पुन्हा ह्या घरात निघणार नाही. वचन देते. तुला नाही, ह्यांना.

नाइलाजानं तुझीच,
शालू