मंजुरीला थांबलेली दुरुस्ती

४ ऑक्टोबर
नोकरीचा पहिला दिवस, आणि खुर्चीसकट सगळं आवडलं! ऑफिस लहान, खिडकी मोठी. घरी एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर इथे बनतं. ते कसं चालतं याची शेकडो पानं इंजिनिअर मंडळींनी इंग्रजीत लिहून ठेवली आहेत. कॅपिटल अक्षरं फुकट मिळाल्यासारखी उधळली आहेत आणि व्याकरणाचा तर मुडदाच पाडलाय. ती पानं नीट करायची, हे माझं काम. बारा वर्षं शाळेत लाल पेन चालवलेल्या बाईला आणखी काय हवं? बाबा म्हणाले, ठमे, जन्मभर माझ्या चुका काढल्यास, आता त्याचा पगार घे.

७ ऑक्टोबर
इथला नियम असा: एकाने दुरुस्ती सुचवायची, दुसऱ्याने मंजूर करायची, मगच ती पानावर चढते. माझा या कामातला जोडीदार घरून काम करतो. बॉसबाईंनीसुद्धा त्याला पाहिलेलं नाही. काम चोख आहे ना, मग झालं, असं त्यांचं म्हणणं. आहेच चोख. त्याच्या दुरुस्त्या गठ्ठ्याने येतात, नुसते स्वल्पविराम आणि कॅपिटल. पहिल्या दोन-चार मी वाचते, बाकीच्या डोळे झाकून मंजूर करते. इथे सगळेच तसं करतात.

११ ऑक्टोबर
पानांमध्ये उदाहरणादाखल एक म्हातारा आहे, नाव नसलेला, नुसता 'वापरकर्ता'. आज बघते तर तो निवृत्त ड्रायव्हर झालेला, तिसऱ्या मजल्यावर राहणारा, मुलगी कामावर गेली की एकटा. थेट आमचे बाबाच! हसू आलं. फक्त त्याची काठी डाव्या हातात होती, बाबा उजव्या हातात धरतात.

घरी आले तर बाबांच्या डाव्या हातात काठी. हे काय नवीन, म्हणून विचारलं. ते म्हणाले, नेहमी अशीच तर धरतो.

१४ ऑक्टोबर
सकाळी बाबांना वर्तमानपत्र दिसेना. दुपारपर्यंत काहीच दिसेना. डॉक्टर म्हणतात, डोळे ठणठणीत आहेत. धावत ऑफिसात गेले, ते पान उघडलं. 'वापरकर्त्याला दिसत नाही.' सुचवलं जोडीदाराने. मंजूर केलं मी. न वाचता.

१५ ऑक्टोबर
ते वाक्य काढायची दुरुस्ती टाकली. मंजुरी त्याची लागते. तो ती देत नाही. बॉसबाईंना रडत सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, दोन दिवस रजा घे. बाबा भिंत चाचपत चालतात आणि वर मलाच धीर देतात. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

१६ ऑक्टोबर
त्याच्या सगळ्या दुरुस्त्या नामंजूर केल्या. तर त्याने नवा गठ्ठा समोरच्या टेबलावरच्या इंजिनिअरकडे पाठवला. शेवटची दुरुस्ती — 'वापरकर्त्याचा श्वास थांबतो.' पाया पडून सांगितलं, नीट वाच रे, मंजूर करू नकोस. तो म्हणाला, कॅपिटलच तर आहेत, जेवून आलो की करून टाकतो.

दुपारी
जोडीदाराचा निरोप. गठ्ठा मागे घेईन. डोळ्यांचं वाक्यही काढीन. तू एकच मंजूर कर — 'वापरकर्त्याला मुलगी नाही.'

नाही. नाही करणार —

इंजिनिअर हात पुसत आला. बसला. गठ्ठा उघडला —

केली. मंजूर केली मी.

संध्याकाळी
जिन्यात बसून लिहितेय. बाबांना दिसतंय! खिडकीशी वाचत बसलेत. जिवंत आहेत. पण आत माझी खोली नाही — सामान ठासून भरलंय — माझे कपडे नाहीत, काहीच —

मला बघून ते अदबीने उभे राहिले. विचारलं, बाई, तुम्ही कोणाकडे आलात?

मी म्हटलं, अहो बाबा, असं काय करता, मी तुमची