चोळीच्या वावरातलं रेसकोर्स

बाबा, तुम्ही मुंबईला एकदाच गेलात आणि येताना घरी रेसकोर्स घेऊन आलात. दुसऱ्यांचे बाप मिठाई आणतात. आपल्या धाड गावी परतल्यावर आठ दिवस तेच: घोड्यांच्या पायाखाली हिरवळ, बघणाऱ्यांना पायऱ्यापायऱ्यांचा मांडव, आणि स्वारालासुद्धा तराजूत तोलतात! माय म्हणाली, "मंग आपला शर्यतीचा पट काय वाईट हाय?" तुम्ही कीव करत म्हणालात, "अवं, पट सरळ रायते. हे गोल रायते."

गोल फिरवण्याइतकी सपाट जमीन एकच होती. मायला तिच्या माहेरानं चोळी-बांगडीसाठी दिलेलं वावर, विहिरीसकट. "माही हीर तेवढी सोडा," एवढंच तिनं मागितलं. तुम्ही विहिरीला कुंपण घातलंत आणि पाणी घोड्यांच्या हौदाला दिलंत. माय घागर घेऊन गेली तर तुमचा घोडे सांभाळणारा मोतद्दार म्हणतो, "थांबा मालकीनबाई, घोड्यायचं होऊ द्या." ती थांबली. तिला मालकीण म्हटलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

शर्यतीच्या दिवशी मांडवात नागपूरचे गोरे साहेब, शेजारी तहसीलदार, आणि नव्या कोटात मी, बी.ए. नापास, पण इंग्रजीपुरता कामाचा. मोताळ्यापासूनची तट्टं जमली होती, सगळी सरळ पटावर वाढलेली. वळण आलं, वळलं कोणीच नाही. नाकासमोर धावत, कुंपण मोडून, सगळी शेजारच्या कपाशीत. गर्दीतून ओरडा आला, "कोन आलं बे पयलं?" "कपाशी!" साहेब हसले, म्हणून तुम्हीही हसलात.

वावर मात्र तुम्ही पुन्हा नांगरू दिलं नाहीत. "पुढच्या साली तट्टायले वळन शिकवू." माय गेली तेव्हाही तिच्या वावरात गवतच होतं, घोड्यांविना.

हा किस्सा मी छापलाय, बैठकीत सांगून लोकांना पोट धरून हसवलंय. त्यात मूर्ख तुम्ही, शहाणा मी. मेलेल्या माणसाला पत्र टाकता येत नाही हे बरंच आहे. कारण पुढचं मी कुठंच छापलेलं नाही. शर्यतीच्या त्या दिवशी तुम्ही घोड्यांपाशी होतात. माय मांडवाच्या पायऱ्यांखाली, बाहेर उन्हात येऊन उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, "मले बसाले जागा हाय काय रे?" साहेबांनी मला विचारलं, ही कोण?

गावातली एक बाई, मी म्हणालो. इंग्रजीत.