कोटाचा निळा

९ फेब्रुवारी २०२५
मिळालं! खिडकीचं काम मिळालं! दहा वर्षं लोकांच्या बंगल्यांच्या दारांवर मोर आणि कमळं करून देते आहे. आता अमरावतीच्या एका विहाराची अख्खी खिडकी — रंगीत काचेची, पुरुषभर उंच.

दान भागीरथाबाईंचं. दवाखान्यात आया होत्या, आता रिटायर. वय चौऱ्याहत्तर. यजमान धर्मपाल सहा वर्षांपूर्वी गेले, त्यांच्या आठवणीत.

नक्षी काय हवी, विचारलं. "पिंपळाची पानं काढ, नाही तं तुले वाटन ते काढ. मागं निळा पाहिजे. लग्नात यायच्या अंगात कोट होता, तो निळा."

धर्मपालांचा तो कोट आहे? नाही. फोटो? काळा-पांढरा.

"मले ठाऊक आहे ना. मी सांगतो."

२१ फेब्रुवारी
अकोल्याहून सकाळची गाडी. पिशवीत निळ्या काचांचे सात तुकडे, पेपरात गुंडाळलेले. भागीरथाबाईंनी एकेक दाराशी उजेडात धरला.

"हा नाई. याच्यात माती मिसळली."

"हा तं हिरवा आहे वं माय."

हिरवा?!

पण जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना हातात हात घेतला, तर माझ्या बोटांवरचे काचेनं झालेले काप त्यांच्या हाताला लागले. "दुखते काय?" आई गेल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं.

१० मार्च
परत सात तुकडे. परत नाही.

११ मार्च
माझाच डोळा बिघडला का? दुपारभर तुकडे खिडकीशी लावून बघत बसले. कालच्यातला चौथा इतका शांत, इतका खोल — मला तरी तोच कोट वाटतो. कुठं चुकतंय कळत नाही.

२८ मार्च
पसंत! पण कोणता — सगळ्यात भडक. प्लास्टिकच्या बादलीचा निळा! "हा जरासा जवळ आला," म्हणाल्या. विहार समितीचे गजेंद्रभाऊ खुश. "पास झालं ना मॅडम? मंग लागा कामाले. बुद्धपौर्णिमेले उद्घाटन आहे."

मग भागीरथाबाईंनी चहा ओतला. कपाच्या बाहेर.

नात सीमा फडकं घेऊन धावली. मला हळूच म्हणाली, "मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. आजी ऑपरेशन करूच देत नाही."

गाडीत बसल्यावर लख्ख कळलं. माती काचेत नव्हतीच! इतके तुकडे नेले, आणि बाई, तुम्हाला नीट दिसतं का, एवढं विचारलं नाही मी.

४ एप्रिल
सांगून टाकलं. फार सरळ सांगितलं — "बाई, तुम्हाला निळा दिसतच नाही."

चेहरा पडला त्यांचा. "पन्नास वर्षं डोळे मिटले का समोर येते तो रंग. तो मले दिसत नाई म्हणतं तू?"

मग अगदी हळू — "आन् डोळाच गेला तं? आधी खिडकी पाहू दे. मंग कापा म्हणा काय कापाचं ते."



९ एप्रिल
भागीरथाबाईंचा फोन. "माया, खिडकीत भलताच निळा लागण्यापरीस डोळा कापून घेतो. संग येशील काय? सीमा लय भित्री आहे."

येते म्हणाले.

१६ एप्रिल
उजव्या डोळ्याचं झालं. आत नेईपर्यंत माझा हात सोडला नाही. "तुयी बोटं खडबडीत आहेत. बरं वाटते."

सीमा मजेत होती. भित्री कोण ते कळलं!

१७ एप्रिल
पट्टी निघाली. दोन तुकडे सोबत नेले होते. बादलीचा निळा पाहून त्यांनी तोंडच फिरवलं. "हा कोणं पसंत केला?"

"तुम्हीच!" सीमाला हसू आवरेना.

मग तो चौथा तुकडा दिला. पाहिला. पदरानं पुसून परत पाहिला.

"लोकाचा होता वं तो कोट," म्हणाल्या. "एका दिवसापुरता मागून आणला होता. दुसऱ्या दिवशी पाहाटीच परत केला. यायले लय आवडला होता पण."

मी तो तुकडा पेपरात गुंडाळला आणि वर लिहिलं, 'हाच'.

११ मे
खिडकी बसली. तीन आठवडे, चव्वेचाळीस डिग्रीत, पंखा बंद ठेवून काचांमधल्या शिशाच्या पट्ट्यांना डाख देत होते. गजेंद्रभाऊ म्हणाले, "पहिले पास झालेला निळा कुठं गेला?"

"नापास झाला."

१२ मे
बुद्धपौर्णिमा. तिसऱ्या प्रहरी खिडकीतून ऊन आलं. भागीरथाबाईंच्या पांढऱ्या साडीवर निळं पडलं, खांद्यावर, मांडीवर. ऊन सरकेल तशा त्या बसल्या-बसल्या सरकत राहिल्या.

१९ मे
अमरावतीला जायला आता काही कारण नाही. घर एकदम मोठं झालंय.

२८ जून
अकोल्यात, जठारपेठेत, माझ्या दारात, भागीरथाबाई! ऑटोत ट्रंक. "दुसराही डोळा झाला. हात तं चालतेच. मले काच कापणं शिकव. महिनाभर राह्यतो, नाई जमलं तं जाईन परत."

ट्रंक दोघींनी मिळून उतरवली.