तीन अजून आलेला नाही

३ मे, सकाळी ६.१०
आजपासून नियमित रोजनिशी. (आधीच्या चार ‘आजपासून’बद्दल इथे लिहीत नाही.)
काल ऑफिसात वजनकाटे तपासताना सुचले. १ पासून सुरुवात. प्रत्येक आकड्याला दोन फांद्या. डावीकडे दुप्पट, उजवीकडे अधिक तीन. १ मधून २ आणि ४. २ मधून ४ आणि ५. असे झाड वाढत जाते. दुबार आलेले आकडे गाळायचे, उरलेले चढत्या क्रमाने लिहायचे. झाला क्रम. माझा क्रम.

४ मे
कागद पुरेना. हॉलच्या भिंतीला नाहीतरी रंग द्यायचाच आहे, म्हणून पेन्सिलीने तिथे. बायकोला विचारले नाही, सांगितलेही नाही. हे दोन गुन्हे की एकच, यावर अर्धा तास विचार केला.

७ मे
शोध! १, २, ४, ५, ७, ८ सगळे हजर. ३ नाही. ६, ९, १२ नाहीत. गूढ आहे. आकडे वाढतच जातात, त्यामुळे ३ आता यायचा नाही हे मान्य. पण ३० किंवा ३०० नक्की येईल.

१० मे
हिने भिंत पाहिली. म्हणाली, तीस तारखेला आई येतेय.
सासूबाई छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. लग्नाआधीच्या पहिल्या भेटीत त्यांनी मला सहज तेरासाते विचारले. मी पाणी प्यायला लागलो. ग्लास रिकामा झाला तरी पीत राहिलो. अठरा वर्षे झाली, त्यांच्या लेखी अजून पितोच आहे.
शेवटी ठरले. जगभरचे असे क्रम नोंदवणारा एक नोंदकोश आहे. त्यांनी तीस तारखेपर्यंत माझा क्रम घेतला तर भिंत तशीच राहील आणि सासूबाईंना दाखवू. नाहीतर रंग मी द्यायचा, त्यांच्यादेखत. लगेच हो म्हणालो. घाई झाली का? नाही.

१५ मे, सकाळी
३९ सापडला. ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. साहेबांनी कारण विचारले. एकोणचाळीस, म्हणालो. ते म्हणाले, वाटत नाही हो.

१५ मे, संध्याकाळी
३७ मध्ये तीनऐवजी दोन मिळवले होते. ३९ खोडला. चहा परत मागता येत नाही.

२१ मे
नोंदकोशाचे उत्तर आले: आपले पहिले वीस आकडे कृपया पुन्हा नीट पाहावेत. म्हणजे रस आहे. वीसही तपासले. एकही चूक नाही. तसे कळवले.

२६ मे
झाड खिडकीच्या उजवीकडे पोचले. तिथे ११९ लिहिताना स्टुलावरून पडलो. आकडा मात्र सुबक आला.

३० मे
नोंदकोश गप्प. म्हणजे नकारही नाही.
सासूबाई आल्या. पिशवी खाली न ठेवताच भिंतीसमोर उभ्या राहिल्या. मी मनात भाषण जुळवत होतो. त्या म्हणाल्या, जावईबुवा, तिनाचा पाढा तेवढा गाळलात, तोही येत नाही का?
भिंतीकडे पाहिले. जो आकडा तिनाच्या पाढ्यात नाही, तो दुप्पट केला काय किंवा त्यात तीन मिळवले काय, पाढ्याच्या बाहेरच राहतो. माझा १ पहिल्यापासून बाहेर होता. मीही.
ही स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ हसू ऐकू आले.

३१ मे
रंग. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या. कुठला कोपरा राहिला ते सांगत होत्या. दुसरा हात झाल्यावर मी आपणहून म्हणालो, तेरासाते एक्क्याण्णव.
त्या म्हणाल्या, बरं. आणि सतरासाते?
मी ब्रश धुवायला गेलो. ब्रश तीनदा धुतला. चौथ्यांदा धुताना उत्तर आले: एकशे एकोणीस. भिंतीवर होते की. खिडकीच्या उजवीकडे, सुबक.
बाहेर येऊन ठणकावून सांगितले. सासूबाईंना डुलकी लागली होती.