भाऊसाहेबांचा हीटर

४ जाने., रविवार

भाऊसाहेब आजही जेवले नाहीत. गोळ्या तरंगत राहिल्या, मग फुगून तळाशी बसल्या.

एरवी माझी सावली काचेवर पडली की धावून येणारा, पाण्यात बोट घातलं तर कडाडून चावणारा प्राणी. फ्लॉवरहॉर्न ही माशांची जातच भांडखोर. कपाळावर ते भलंमोठं टेंगूळ, चेहऱ्यावर कायमची नाराजी. लग्नात पहिल्या रांगेत खुर्ची न मिळालेल्या पुढाऱ्यासारखा दिसतो म्हणून माझ्या बायकोनेच, नीताने, नाव ठेवलं, भाऊसाहेब. आज कोपऱ्यात तोंड करून बसलाय. कपाळाचा लाल रंग पार उतरला.

पाणी स्वच्छ. फिल्टर चालू. हीटरचा दिवा लागलेला. पण सकाळी थर्मामीटर २२ दाखवतो, संध्याकाळी २८. हवं रात्रंदिवस २८. एवढा चढउतार माशाला सोसत नाही. नाशिकची थंडी आहे मान्य, पण मग हीटर कशाला लावलाय? थर्मोस्टॅट गेला बहुतेक.

शुक्रवारी नी.ची बायोप्सी झाली. डाव्या बाजूला गाठ. रिपोर्टला आठवडा. त्याबद्दल इथे लिहायचं नाही असं ठरवलंय.

६ जाने., मंगळ.

कंपनीतून सुटलो तो थेट सातपूरहून शालीमारला, माशांच्या दुकानात. काचेचा हीटर की स्टीलचा? दोनशे वॅट की तीनशे? काचेचा तडकतो म्हणतात. स्टीलच्याचा दिवा नीट दिसत नाही. डिजिटल आकड्याचा एक आहे, पण त्याची वायर आखूड. दुकानदार वैतागला. "सर, मासा एक, टाकी एक. तीनशेचा न्या आन् मोकळे व्हा." पावणेतीन वर्षांपूर्वी भाऊसाहेब विकताना हाच म्हणाला होता की घरावर काही येणार असेल तर हा मासा आधी जातो, घरच्यांचं संकट स्वतःवर घेतो. तेव्हा हसलो होतो. मासा आवडला म्हणून घेतला.

घरी येऊन नी.ला हीटरचं माहितीपत्रक वाचून दाखवत होतो. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरांना एवढे प्रश्न नाही विचारलेस."

खरं आहे. तिथे काय विचारायचं तेच सुचलं नाही. इथे निदान काय विचारायचं ते माहीत असतं.

नवीन हीटर बसवला. २८ वर लावला.

७ जाने., बुध.

सकाळी पुन्हा २२! नवा कोरा हीटर, दिवा लागलेला, पाणी गार. डोकं फिरायची वेळ.

आई टाकीसमोर खुर्ची टाकून बसलेली. म्हणाली, "खात नाय तर नाय खाऊ दे. त्याच्यामागं काय लागला? आपल्या सिन्नरच्या मामाकडं असाच मासा व्हता. मामाचा टेम्पो घाटात उलटला. मामाला खरचटलंबी नाय, आन् घरी मासा मेलेला. घेतलं त्यानं अंगावर."

मी म्हटलं, आई, त्याला गारठा लागलाय. ती म्हणाली, "तेच की. कशानं का व्हईना."

अंगावर काटा आला. रागही. स्वयंपाकघरात नी. भाकरी थापत होती. तिने ऐकलं की नाही कळलं नाही. तिचा हात थांबला नाही.

९ जाने., शुक्र.

रिपोर्ट नाही. स्लाइड्स मुंबईला पाठवल्यात म्हणे, दुसरं मत. "घाबरण्यासारखं काही नाही, आमची पद्धत आहे." काउंटरवरची मुलगी हे इतक्या पाठ केल्यासारखं म्हणाली की मला घाम फुटला. नी. मात्र शांत. मुख्याध्यापकांना फोन करून सोमवारी सहावीचा तास घेईन असं सांगितलं. प्रकाशाचं परावर्तन शिकवायचंय.

घरी येऊन जुना हीटर बादलीत लावून बघितला. क्वालिटीतला माणूस मी, आयुष्यभर नट-बोल्ट नापास केले. उत्तम चालतोय! पाणी २८ वर नेऊन आपोआप थांबला. म्हणजे जुनाही चांगला, नवाही चांगला. मग माझी टाकी रोज सकाळी गार कशी?

म्हणजे कोणीतरी रात्री बटण बंद करतं. आणि मी उठायच्या आत चालू करतं.

असं कोण करणार? आई सगळ्यात आधी उठते.

१० जाने., शनि.

आईशी वाजलं. नको तेवढं बोललो. म्हटलं, त्या मुक्या जिवाला मारून तुला काय मिळणार? सुनेचं दुखणं असं जाणार आहे का?

ती म्हणाली, "म्या? म्या कशाला हात लावू? त्या पाटीवरलं कोणतं बटन कशाचं, त्ये तरी मला ठावं हाय का?" मग पदराने डोळे पुसत, "मासा गेला तर गेला म्हणलं. मारा म्हणलं नाय."

दिवसभर जेवली नाही. आता घरात दोघं उपाशी, ती आणि भाऊसाहेब.

नी. दोन्हीकडून मध्ये पडली नाही. हे तिच्या स्वभावात नाही. एरवी आईची बाजू घेऊन माझी खरडपट्टी काढते.

१२ जाने., सोम.

आज दूधवाल्याच्या आधी उठलो. हॉलमध्ये आलो तर टाकीजवळ नी. शाळेची साडी नेसलेली, केस ओले. बटणावर बोट. चालू केलं. लाल दिवा लागला. मग वळली आणि मला पाहिलं.

नी.! सायन्स शिकवते. ग्रहणात मुद्दाम पोहे करून सगळ्यांना खायला लावते. मांजर आडवं गेलं म्हणून मी ब्रेक मारला तर आठवडाभर चिडवलं होतं.

तीच आधी म्हणाली, "मला माहितेय हे सगळं थोतांड आहे. वर्गात कोणी असं म्हणालं तर मी दहा प्रश्न विचारीन." मग सोफ्यावर बसली. "पण रात्री पडल्यावर वाटतं, नसेलच काही तर नसेल. असेल तर? कोणीतरी घ्यावं ना हे माझ्याकडून. कोणीही. मला नकोय."

मी म्हटलं, आणि सकाळी चालू का करतेस?

"सकाळी त्याचं तोंड दिसतं."

शेजारी बसलो. तिचे ओले केस माझ्या शर्टाला लागले. तिला म्हणायला हवं होतं की काही होणार नाही. म्हणालो नाही, कारण मला माहीत नाही. मग तिची शाळेची व्हॅन आली.

आईची माफी मागितली. कारण सांगितलं नाही. ती म्हणाली, "चहा ठेव."

१४ जाने., बुध.

संक्रांत. आईने तिळगूळ दिला, "गोड बोल" म्हणाली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. टोमणा चांगलाच लागला.

दोन दिवस पाणी रात्रंदिवस २८. बटणाला कोणी हात लावत नाही. तरी भाऊसाहेबांच्या पंखांवर पांढरे ठिपके आलेत, रवा शिंपडल्यासारखे. गारठ्याने येतात. दुकानदाराला फोटो पाठवला. म्हणाला, "औषध टाका आन् पानी तीसवर न्या. मेन म्हंजे गार होऊ देऊ नका. आता गार झालं तर गेला समजा."

दुपारी हॉस्पिटलचा फोन. रिपोर्ट आलाय, शुक्रवारी या. काय आहे विचारलं तर म्हणे डॉक्टर समोरच सांगतील. दोघांनी या.

दोघांनी का? चांगलं असतं तर फोनवर सांगितलं नसतं का? की हीसुद्धा त्यांची पद्धत? नी.ला "दोघांनी" हा शब्द गाळून सांगितलं. ती म्हणाली, "तू येशीलच ना?"

भीती वाटते. साधी, सरळ, पोटातली भीती. लिहून टाकलं.

१६ जाने., शुक्र.

हॉस्पिटलात बसून मोबाइलवर लिहितोय. घरी जाऊन वहीत उतरवीन. नंबर यायचाय.

सकाळी निघताना पाणी बरोबर ३०. भाऊसाहेब एका कुशीवर कलंडलेला, कल्ले जोरात चाललेले. नी. लिफ्टपाशी पोचली होती. मी चपला घालत होतो, चपलांच्या रॅकच्या वरच ती बटणांची पाटी. हात गेला आणि बटण बंद केलं. मी. दोन हीटर तपासून पास करणारा मी. विचार असा काही केलाच नाही. म्हणजे केला. एकच केला. तो की ती, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हे आहे.

लिफ्टमध्ये नी.ने विचारलं, "हीटर चालू आहे ना?"

"हो," म्हटलं.

इथे आल्यापासून पाय हलायचा थांबत नाही. समोरची बाई माझ्या पायाकडेच बघतेय. दोनदा उठून पाणी पिऊन आलो. परत घरी जावं का? चालू केलं तर नी.चं काय? असले हिशोब करणारा माणूस मी कधीच नव्हतो.

आत्ता आईचा फोन आला. घाबरून उचलला.

"आरं, पानी गार पडलं रं. मासा लय मलूल दिसला म्हनून म्या हात घातला. चावलाबी नाय. लाल दिवा पन बंद. मंग ती समदी बटनं दाबली. कोणतं त्याचं ते ठावं नाय, म्हनून समदी. आता दिवा लागलाय. बाहेरची ट्यूबबी लागलीय, ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, आई, तूच म्हणाली होतीस ना, तो अंगावर घेतो म्हणून.

"त्याच्या मनानं घेतलं तर घेतलं," ती म्हणाली. "आपुन त्याच्यावर ढकलायचं का?" मग लगेच, "नीता कशी हाय? तिला म्हणावं, भाकरी टाकून ठेवते."

फोन ठेवला. नी. विचारत होती, काय झालं. सांगितलं. सगळं सांगितलं, चपला, पाटी, बटण. वाटलं ती आता रडेल, किंवा चिडेल.

"तू पण?" म्हणाली. आणि माझा हलणारा गुडघा हाताने दाबून धरला.

आमच्या आधीची बाई आत गेलीय. दार बंद आहे. नी.ने हात अजून काढलेला नाही.