रंग शेवटी विचारायचा

काशी,
आश्विन शुद्ध एकादशी, शके १८५४

प्रिय आनंदी,

अनेक आशीर्वाद. काल दसरा झाला. आज शाळेला सुट्टी, म्हणून स्नान उरकून अहिल्याबाई घाटाच्या वरच्या पायरीवर मांडीवर पाटी घेऊन लिहायला बसलो आहे. काल आम्ही जिंकलो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या शाळेतली अकरा मुलं. पण हे जिंकणं माझ्या एकट्याच्या पदरात मावत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

दर रविवारी मी शाळेतल्या मुलांना पाखरं ओळखायला नेतो, हे तुला ठाऊक आहे. कधी घाटावर, कधी होडीने पलीकडे. आधी आकार बघायचा : चिमणीएवढं, साळुंकीएवढं की कावळ्याएवढं. मग चोच, मग शेपटी, मग ते चालतं की उड्या मारतं. रंग सगळ्यांत शेवटी, कारण उन्हात रंग फसवतो. मुलं इतकी तरबेज झाली की घरच्यांना जाच होऊ लागला. आमच्या शाळेचे प्रमुख ढुंढिराजशास्त्री यांची नात अंबिका नऊ वर्षांची आहे. पितृपक्षात पिंडाला कावळा शिवला आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला, तोच ही विचारते, “आजोबा, हा राखाडी मानेचा गावकावळा होता, की सबंध काळा डोमकावळा?” शास्त्रीबुवा मला म्हणाले, “गुरुजी, पाखरं मोजून मोक्ष मिळत नाही.”

पुढे खरी ठिणगी पडली. इथे दसऱ्याला नीलकंठाचं दर्शन फार शुभ मानतात. आपण गावी ज्याला तास म्हणत असू, तोच हा. बहेलिये, म्हणजे इथले पारधी, चार दिवस आधीच त्याला पकडून पाय बांधून गल्लोगल्ली फिरवतात, आणि बायका दारातूनच हात जोडतात. यंदा अंबिकेने पाहिलं की पाखराचे पंख खळीने चिकटवलेले आहेत. ती दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, ह्याचं दर्शन कुणी घ्यायचं नाही. गल्ली खवळली. शास्त्रीबुवांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, “दसऱ्याला मोकळ्या नीलकंठाचं दर्शन घडवा. नाही घडलं, तर ही पाखरांची शाळा त्याच दिवशी बंद.”

काल सकाळी दोन होड्या करून आम्ही रामनगरला निघालो. शास्त्रीबुवा, गल्लीतल्या पाच-सहा बायका, मुलं आणि मी. मी विश्वनाथाला काही मागत नाही, पण काल मागितलं. होडी पलीकडच्या काठाला लागते न लागते तोच खुंटावर लखलखीत निळा पक्षी दिसला. बायकांनी एकच गलका केला. शास्त्रीबुवांनी डोळे मिटून हात जोडले, आणि मिटल्या पापण्यांतून पाणी आलं. आनंदी, मला दिसलं होतं तो कोण आहे. पण मी गप्प राहिलो. त्यांचं समाधान झालं होतं, शाळा वाचली होती, आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं.

तेवढ्यात अंबिका म्हणाली, “आजोबा, पहले चोंच तो देखिए. लांब, जाड, लाल. हा खंड्या आहे, मासे खाणारा.” एक बाई तिच्यावर वसकली, “गप्प बस, अवलक्षणी.” शास्त्रीबुवांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. “गुरुजी, तुम्ही सांगा.” मी म्हटलं, “खंड्याच आहे.”

मग आम्ही शेतांच्या बाजूने चालत सुटलो. दुपार कलली. बायका कुरकुरू लागल्या, की घरी बसल्या बसल्या दर्शन होत होतं ते काय वाईट होतं. रस्त्याकडेला सरकारी तारायंत्राच्या तारेवर एक मळकट, तपकिरी पाखरू बसलं होतं. मोठ्या माणसांपैकी कुणी वर बघितलंही नाही. मुलांपैकी काशीनाथने माझा सदरा ओढला आणि कुजबुजला, “साळुंकीहून मोठं. डोकं जड. चोच काळी, आखूड.” मुलं जागच्या जागी थांबली. अंबिकेने आजोबांचा हात धरला : “आता बोलायचं नाही.” पाखराने खालच्या गवतात काही हेरलं, आणि पंख उघडून तारेवरून झेप घेतली.

ते मी काय वर्णन करू. तू तास उडताना बघितलेला आहेस. फिकट निळा पट्टा, गडद निळा पट्टा, आणि दोन्हींवर ऊन. शास्त्रीबुवा हात जोडायचे विसरले. मग म्हणाले, “साठ वर्षं दसऱ्याला मी हे पाखरू बघतो आहे. त्याच्यात इतकं निळं असतं, हे आज कळलं.”

परतताना होडीत त्यांनी विचारलं, “गुरुजी, रंग शेवटी, ही रीत तुम्हाला कुणी शिकवली?” आठवतं आनंदी, गावच्या शाळेत मोठे साहेब आले होते? वीस पाखरं ओळखून सांगितली म्हणून मला पितळी दौत मिळाली. ती वीसच्या वीस तू मला परसात शिकवली होतीस, आणि मुलीची जात म्हणून तू खिडकीबाहेर उभी होतीस. घरी आल्यावर तू दौत घासून लख्ख करून दिलीस. चाळीस वर्षं मी खंड्या असून स्वतःला नीलकंठ म्हणवून घेतलं. काल एका पोरीने खंड्याला नीलकंठ म्हणू दिलं नाही, तेव्हा मलाही ते सोंग जमेना. मी सांगितलं, “माझ्या धाकट्या बहिणीने.” शास्त्रीबुवा म्हणाले, “मग त्यांना तिकडे कशाला ठेवलंत? बोलावून घ्या. मुलींचा वर्ग त्यांनी चालवावा.” तुझे यजमान गेल्यापासून प्रत्येक पत्रात तू लिहितेस, आता माझं कुणाला काय काम. काम इथे आहे. दिवाळी झाली की मी न्यायला येतो. अंबिकेच्या वहीत एक पान अडलं आहे, ते मलाही सुटत नाही : साळुंकीहून लहान, चोच बारीक, शेपटी सारखी खालीवर, शिंदे घाटाच्या दगडांवर धावत चालतं. रंग लिहिलेला नाही. तू तो आधी विचारणार नाहीस, असं मी मुलांना सांगून ठेवलं आहे.

तुझाच,
यज्ञेश्वरदादा