श्रमदानाची उसण

१५ जानेवारी १९७३
साहेबांना तिळगूळ द्यायला केबिनमध्ये गेलो, तेव्हा कळलं. आमच्या पंपाच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसरची जागा निघते आहे. सव्वीसच्या सुट्टीला स्टाफने गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात श्रमदान करायचं. जो उठून दिसेल, त्याचा विचार होईल. म्हणजे माझाच. स्टोअर्समधला मार्तंडही तिथे उभा होता, पण तो अजून पोरगेला. मी सेहेचाळीसचा, दिसतो चाळिशीचा. आजपासून रोज बारा सूर्यनमस्कार. आज उशीर झाला, उद्यापासून.

१७ जानेवारी
सूर्यनमस्कार : दोन. इंदू म्हणाली, उठताना एवढं कण्हू नका, शेजारचे विचारायला येतात. बायकोला व्यायामातलं काय कळतंय!
योजना तयार. आश्रमात शंभर झाडं.

१९ जानेवारी
आश्रमाची पाहणी. दारातच लंकाबाई नावाची म्हातारी बसली होती. तिला वृक्षारोपणाचं महत्त्व पटवून दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सायेब, आमालाच टँकरचं पानी दोन दिसाआड. झाडाला काय पाजू?"
दूरदृष्टी नाही. मग तुम्हाला काय हवं, विचारलं. तर म्हणे खाटांना ढेकूण झालेत, उन्हात काढून द्या. खाटा लोखंडी, म्हाताऱ्यांना उचलत नाहीत. काम माझ्या दर्जाचं नाही, पण मोठेपणाने होकार दिला.

२२ जानेवारी
'सेवा हाच धर्म' हे भाषण लिहून काढलं. वाचताना मलाच भरून आलं. भाषणामुळे सूर्यनमस्कार राहिले.

२५ जानेवारी
उद्या अकराला साहेब येणार, बरोबर पेपरचा फोटोग्राफर. पहिली खाट मी एकट्याने उचलणार. फोटोत दुसरं कोणी नको.

२६ जानेवारी, दुपार
पालथं पडून लिहितो आहे, अक्षराला नावं ठेवू नयेत.
खाट गुडघ्यापर्यंत आली. तिथून पुढे ती आली नाही आणि मीही सरळ झालो नाही. उसण भरली. चौघांनी मला त्याच खाटेवर पालथं घातलं. मार्तंड माझा हात धरून बसला. सोड म्हणालो, तर त्याने आणखी घट्ट धरला. मग लंकाबाई लुगडं सावरत आली.
"म्या पायाळू हाय, पायाकडनं जल्मलेली. पायाळूचा पाय लागला की उसन जाती. हालू नगा."
मी विज्ञानवादी माणूस. नको म्हणेपर्यंत पाय पाठीवर आला होता. नेमके तेव्हाच साहेब आत आले. उजेडही पडला, फोटोग्राफरचा.
पाठ मोकळी झाली, हे खरं. त्याचं श्रेय माझ्या मुळातल्या तब्येतीला.
खाटा मार्तंडने काढल्या. भाषण खिशातच राहिलं. तरी नेतृत्व माझंच दिसलं असणार.

२८ जानेवारी
पेपरात फोटो आला. मी पालथा, हात धरलेला मार्तंड आणि माझ्या पाठीवर नुसता एक पाय. खाली छापलंय : 'वृद्धाश्रमातील आजारी आजोबांना धीर देताना कारखान्याचे तरुण कर्मचारी श्री. मार्तंड.'
आजोबा! फार लागलं मनाला. इंदूने पेपर वाचला आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ तिच्या हसण्याचा आवाज येत होता.
संपादकांना खरमरीत पत्र लिहायला बसलो. पण मग पाठीवरचा पाय कोणाचा, तेही लिहावं लागेल. राहू दे.

३१ जानेवारी
वेल्फेअर ऑफिसर मार्तंड झाला. मला पेढा द्यायला आला तेव्हा पाठ कशी आहे, हेही विचारलं. ठणठणीत आहे म्हणालो आणि पेढा घ्यायला वाकलो. पुन्हा धरली.

४ फेब्रुवारी, रविवार
श्रमदानाचा परिणाम पाहण्यासाठी आश्रमात गेलो. पाठीचा काही संबंध नाही.
लंकाबाई दारातच होती. माझी चाल तिने लांबूनच ओळखली आणि आत हाक दिली, "आरं, आजोबा आले. त्यांची खाट उनातनं आत घ्या."
कोणीतरी खाट आत घेतली. मी गुपचूप पालथा पडलो.